कृपेचे काम नको, कामाचा कायदा हवा

परीक्षा संपल्या, जयंतीच्या मिरवणुका झाल्या आणि मे महिना लागला की शहरातल्या वस्त्यांमधला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा रिकामा होतो. ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांची मुले छंदवर्गाला, संगणकाच्या क्लासला किंवा थंड हवेच्या ठिकाणी जातात. आमचा मुलगा नाक्यावर उभा राहतो. त्याची दखल आपल्या शहरांत दोघेच घेतात. एक ठेकेदार आणि दुसरा पोलीस. ठेकेदार त्याला पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईला, लग्नाच्या मंडपाला नाही तर केटरिंगची भांडी घासायला नेतो. पोलीस त्याला संशयावरून चौकीत नेतो. ज्या शहराचा तो नागरिक आहे, त्या शहराच्या महानगरपालिकेला मात्र निवडणूक येईपर्यंत त्याची आठवण होत नाही.

अमेरिकेतील मोठ्या शहरांत ही आठवण ठेवण्याची एक पद्धत आहे. न्यूयॉर्क शहरात १९६३ पासून तरुणांसाठी उन्हाळी रोजगार योजना चालते. १४ ते २४ वर्षांच्या मुलामुलींना जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत सहा आठवडे काम दिले जाते आणि त्याचे वेतन शहराच्या योजनेतून मिळते. शिकागो, बोस्टन या शहरांतही अशा योजना आहेत. अमेरिकेचे आपल्याला काय, असे कोणी विचारील. पण तेथील काळ्या माणसांच्या लढ्याशी आपल्या चळवळीचे नाते जुने आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. ते विद्यापीठ काळ्या लोकांच्या हार्लेम वस्तीला लागूनच आहे. १९४६ मध्ये त्यांनी काळ्या समाजाचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ मध्ये मुंबईतल्या आमच्या तरुणांनी संघटनेला पँथर हे नाव घेतले तेही तिकडूनच. तेव्हा त्यांच्या वस्त्यांत साठ वर्षे जो प्रयोग झाला, त्यात काय साधले आणि काय राहिले, हे तपासणे आपल्या हिताचे आहे.

ही योजना कोणा दयाळू महापौराच्या मनात एके दिवशी उगवली असे समजण्याचे कारण नाही. २८ ऑगस्ट १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा आपल्याकडे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणामुळे माहीत आहे. पण त्या मोर्चाचे नावच 'नोकऱ्या आणि स्वातंत्र्यासाठी मोर्चा' असे होते, हे फारसे सांगितले जात नाही. त्याचे प्रमुख ए. फिलिप रँडॉल्फ हे रेल्वेच्या शयनयान डब्यांत राबणाऱ्या काळ्या सेवकांची युनियन उभारणारे कामगार नेते होते. प्रत्येक बेरोजगाराला प्रशिक्षण आणि काम देणारी सरकारी योजना ही मोर्चाच्या मागण्यांपैकी एक ठळक मागणी होती. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, अमेरिकेने आर्थिक संधीचा कायदा केला. त्यातून तरुणांना निवासी प्रशिक्षण देणारी 'जॉब कोअर' आणि वस्तीतच काम देणारी 'नेबरहूड यूथ कोअर' उभी राहिली. १९६५ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसचा वॉट्स भाग पेटला. १९६७ च्या उन्हाळ्यात न्यूअर्क आणि डेट्रॉइट पेटले. त्यांची चौकशी करणाऱ्या कर्नर आयोगाने १९६८ मध्ये तीन वर्षांत २० लाख नवे रोजगार निर्माण करण्याची शिफारस केली, त्यातले निम्मे सरकारी क्षेत्रात. सत्ताधाऱ्यांनी ती पुरी केली नाही. शहरांच्या वाट्याला राहिली ती उन्हाळ्याची कामे. उन्हाळ्यात शहर शांत राहावे हा त्यामागचा हेतू उघड होता.

म्हणून या योजनांच्या भाषेकडेही सावधपणे पाहिले पाहिजे. 'धोक्यातील तरुण' असा शब्द त्यांच्या कागदपत्रांत येतो. धोका कोणाला आणि कोणापासून? घर पडके, शाळा नावापुरती, बाप बेकार आणि दारात पोलीस, अशा स्थितीत वाढणाऱ्या मुलाला धोका आहे हे खरे आहे. पण वाचता वाचता त्या शब्दाचा अर्थ असा फिरवला जातो, की तो मुलगाच समाजाला धोका आहे. आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा करून इंग्रजांनी जन्मावरून माणसांना धोकादायक ठरवले होते. कायदा गेला, नजर गेली नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत कैद्यांमध्ये अनुसूचित जातींचे प्रमाण वर्षानुवर्षे एक पंचमांशाच्या आसपास दिसते. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतील आपला वाटा १६.६ टक्के होता. रिमांडसाठी उभ्या केलेल्या पोरांची वये आम्ही वकील म्हणून रोज पाहतो. त्यांच्यापैकी कित्येकांना सरकारने नाव घालून दिलेला पहिला महत्त्वाचा कागद आरोपपत्राचा असतो.

आता प्रयोगाचा निकाल पाहू. २०१२ च्या उन्हाळ्यात शिकागोत हिंसाचार जास्त असलेल्या भागांतील १३ शाळांमधली १,६३४ मुले-मुली निवडण्यात आली. ती बहुतांश काळी होती. चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या काहींना काम देण्यात आले, बाकीच्यांना नाही. काम आठ आठवड्यांचे, आठवड्याला २५ तासांचे होते. मजुरी तासाला ८.२५ डॉलर, म्हणजे इलिनॉय राज्याचे तेव्हाचे किमान वेतन. मुलांनी उन्हाळी शिबिरांत लहान मुलांना सांभाळले, वस्तीच्या बागेत काम केले, नगरसेवकाच्या कार्यालयात कारकुनी केली. सोबत एक प्रौढ मार्गदर्शक होता. सारा हेलर या संशोधिकेने पुढचे १६ महिने पोलिसांच्या नोंदी तपासल्या आणि २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडला. ज्यांना काम देऊ केले होते त्यांच्यात हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४३ टक्क्यांनी कमी होत्या. ही घट मुख्यतः काम संपल्यानंतरच्या महिन्यांत दिसली. म्हणजे मुले कामात गुंतली होती म्हणून भांडली नाहीत, एवढेच त्याचे स्पष्टीकरण होऊ शकत नाही. त्यांच्यात काही तरी टिकून राहिले. चोरी किंवा अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत मात्र असा ठळक फरक आढळला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

या प्रयोगातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. काही मुलांना आठवड्याला १५ तास काम आणि १० तास राग आवरणे, विचार करून वागणे यांचे वर्ग दिले होते. त्या वर्गाच्या तासांचेही वेतन दिले गेले. म्हणजे गरिबाच्या पोराचा वेळ फुकटचा नाही हे तेथे मान्य केले गेले. आपल्याकडे वस्तीतल्या तरुणासाठी काही करायचे म्हटले की सभागृहात खुर्च्या मांडल्या जातात, साहेब येतात, व्यसनमुक्तीवर भाषण देतात, फोटो काढतात आणि मुलगा चहा पिऊन पुन्हा नाक्यावर येतो. मुलाला उपदेशाची नव्हे, घामाच्या मजुरीची आणि आपल्यावर कोणी विश्वास टाकला या अनुभवाची गरज असते.

न्यूयॉर्कचा निकाल अधिक विचार करायला लावणारा आहे. तेथे जागांपेक्षा अर्ज जास्त येत असल्याने सोडत काढली जाते. २००५ ते २००८ या चार उन्हाळ्यांतील जवळपास तीन लाख अर्जदारांची पुढची वाटचाल अर्थशास्त्रज्ञांनी कराच्या आणि तुरुंगाच्या नोंदींतून तपासली. सोडतीत नाव लागलेल्या मुलांमध्ये तुरुंगात जाण्याचे आणि अकाली मरण्याचे प्रमाण कमी आढळले. सहा आठवड्यांच्या कामाने काही मुलांचे जीव वाचले. पण त्याच अभ्यासात असेही दिसले, की पुढच्या वर्षांत या मुलांची कमाई वाढली नाही आणि महाविद्यालयात जाणाऱ्यांचे प्रमाणही वाढले नाही.

असे का व्हावे? आमच्या मते उत्तर उन्हाळी योजनेच्या बाहेर आहे. मुलगा सहा आठवडे बदलला, पण ज्या बाजारात तो परत गेला तो बाजार बदलला नव्हता. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शिकागो आणि बोस्टनमधल्या कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले गेले, फक्त नावे वेगळी. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना काळ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. आपल्याकडे डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी तोच प्रयोग खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींवर केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश निघाली, आणि मुस्लीम नावाची त्याहून कमी. तेव्हा प्रशिक्षण दिले की प्रश्न सुटला, असे जे सांगतात ते अर्धेच सांगतात. कौशल्य मुलाच्या हाताला येते, दार मात्र मालकाच्या हातात राहते.

दुसरा धडा कृपेचा आहे. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने उन्हाळी कामांसाठीचा केंद्राचा स्वतंत्र निधी संपवला. २००९ मध्ये मंदी आली तेव्हा तरुणांच्या योजनांसाठी १२० कोटी डॉलर आले आणि नंतर ओसरले. २०२५ मध्ये तेथील कामगार खात्याने ठेकेदारांमार्फत चालणारी जॉब कोअरची केंद्रे थांबवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा न्यायालयाला मध्ये पडावे लागले. देणाऱ्याच्या मर्जीने मिळते ते मर्जीनेच जाते. आणि सोडतीत नाव न लागलेल्या मुलाचा काय गुन्हा? संशोधनाला चिठ्ठी ठीक आहे, न्यायाला नाही. जीव वाचवणारी गोष्ट नशिबावर सोडता येत नाही.

कामाचा कायदा म्हणजे काय, हे महाराष्ट्राला बाहेरून शिकण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात या राज्यात रोजगार हमी योजना व्यापक प्रमाणावर राबवली गेली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, ही सरकारची जबाबदारी ठरली. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला तो या योजनेसाठी. २००५ मध्ये केंद्राने त्याच धर्तीवर देशाचा कायदा केला. पण ही हमी गावापुरती राहिली. गावात जातीचा जाच आणि भूमिहीनता सोसून जो शहरात आला, त्याने वेशीवर कामाचा हक्कही सोडून दिला, असा याचा अर्थ झाला. केरळने २०१० मध्ये शहरी रोजगार हमी योजना सुरू केली आणि तिला अय्यनकाली या दलित नेत्याचे नाव दिले. राजस्थानने २०२३ मध्ये शहरी कुटुंबांसाठी १२५ दिवसांच्या कामाची हमी कायद्यात लिहिली. हमी देणारा पहिला महाराष्ट्र मात्र शहराच्या बाबतीत मागे राहिला.

योजना नाहीत असे नाही. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी पासला महिना ६ हजार, आयटीआय व पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन ठरले. त्याच वर्षी केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली. तीत वय २१ ते २४, किमान दहावी पास आणि महिना ५ हजार अशी रचना होती. या अटी नीट वाचा. ज्या मुलाबद्दल आम्ही बोलत आहोत तो दहावीत गणितात आणि इंग्रजीत नापास झालेला आहे. तो सतरा वर्षांचा आहे. एका योजनेच्या दारावर बारावीची पाटी आहे, दुसरीच्या दारावर एकविसाव्या वर्षाची. ज्याला सर्वांत जास्त गरज त्यालाच बाहेर ठेवणारी ही दारे आहेत. शिकागोने याच्या उलट केले. सर्वांत कठीण शाळांच्या दारात जाऊन मुले बोलावली.

आता एका कायद्याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधतो. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही, असे आपण नेहमी म्हणतो. नोकरीच्या बाबतीत ते खरे आहे. पण शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ यात १९७३ मध्ये कलम ३-अ घालण्यात आले. त्यानुसार निर्धारित व्यवसायांमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. मालक सरकारी की खाजगी, असा भेद त्यात नाही. २०१९ च्या नियमांनी ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन घातले. या मोजणीत कंत्राटी माणसेही धरली जातात. काही व्यवसायांना आठवी-दहावीचे शिक्षणही पुरते. आमच्या औद्योगिक वसाहतींमध्ये ही कलमे खऱ्या अर्थाने लागू झाली, तर किती मुलांना हातात पाना आणि महिन्याला विद्यावेतन मिळेल, याचा विचार करा. पण मागणारा नसेल तर कलम पुस्तकातच राहते.

या कायद्याचे दोषही सांगितले पाहिजेत. कलम १८ प्रमाणे शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, म्हणून कामगार कायदे त्याला एरवी लागू होत नाहीत. त्यामुळे पूर्ण कामगाराचे काम करून घ्यायचे, विद्यावेतन द्यायचे आणि मुदत संपली की दुसरी तुकडी आणायची, असा प्रकार सर्रास चालतो. २०१४ च्या दुरुस्तीने नियम मोडणाऱ्या मालकाच्या तुरुंगाची तरतूद काढून टाकली आणि कमी पडलेल्या प्रत्येक उमेदवारामागे महिन्याला पहिले तीन महिने ५०० रुपये व पुढे १ हजार रुपये दंड ठेवला. दंड जर विद्यावेतनापेक्षा स्वस्त असेल, तर मालक काय निवडील हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

आणखी एक इशारा. उन्हाळ्याचे काम म्हणजे झाडू आणि नाला नव्हे. आमच्या मुलांना उन्हाळ्यात ते काम आजही मिळते. त्यासाठी योजनेची गरज नाही. २०१३ च्या कायद्याने गटार व सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईला माणूस उतरवणे गुन्हा ठरवला, तरी माणसे उतरवली जातात आणि मरतात. प्रशिक्षणाच्या नावाने जातीचा धंदाच पुन्हा हातात दिला जाणार असेल, तर असले प्रशिक्षण आम्हाला नको. शिकागोची मुले नगरसेवकाच्या कार्यालयात बसली. आमची मुले वॉर्ड ऑफिसात, ग्रंथालयात, दवाखान्यात, बागखात्यात, नकाशा विभागात, बस आगाराच्या कार्यशाळेत का बसू नयेत? महानगरपालिका चालते कशी, हे ज्याने सतराव्या वर्षी आतून पाहिले, तो पंचविसाव्या वर्षी तिच्यापुढे हात जोडून उभा राहणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, राज्याने शहरी रोजगार हमीचा कायदा करावा आणि त्यात १६ ते २१ वयोगटासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीतील किमान सहा आठवड्यांचे काम मागणीनुसार, सोडतीशिवाय, हक्क म्हणून द्यावे. दोन, मजुरी किमान वेतनाची असावी, प्रशिक्षणाच्या तासांचीही द्यावी आणि ती थेट मुलाच्या खात्यात जावी. तीन, शिक्षणाची अट ठेवू नये. दहावी नापासाला काम करता करता पुन्हा परीक्षेला बसवावे. चार, गुन्ह्याची नोंद झालेल्या मुलाला दार बंद करू नये. बालन्याय कायदा, २०१५ चे कलम २४ सांगते, की बालपणीच्या प्रकरणामुळे पुढे अपात्रता येऊ नये. सोळा वर्षांवरील ज्या मुलांवर प्रौढांप्रमाणे खटला चालतो, तेवढाच त्याला अपवाद आहे. पाच, कलम ३-अ खालील जागा किती, भरल्या किती, याचा जिल्हावार तक्ता दरवर्षी जाहीर करावा. १४ वर्षांखालील मुलाला मात्र काम नको, त्याचा उन्हाळा खेळाचा आणि पुस्तकाचाच असला पाहिजे.

सरकार करील तेव्हा करील. चळवळीने काय करायचे? १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री होते. देशातील रोजगार विनिमय केंद्रांची उभारणी त्याच काळात झाली. काम शोधणाऱ्या माणसाने ठेकेदाराच्या दारात उभे राहू नये, सरकारी कचेरीत हक्काने नाव नोंदवावे, हा त्यामागचा अर्थ होता. तो अर्थ आज आपल्या विहारांनी जिवंत ठेवला पाहिजे. प्रत्येक शहरात शेकडो बुद्धविहारे आहेत. वंदना झाल्यावर रविवारी दोन तास तेथे शिकाऊ उमेदवारीची नोंदणी करून देणारे टेबल लागले पाहिजे. आरक्षणामुळे नोकरीत गेलेल्या आणि निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांनी, अभियंत्यांनी त्या टेबलावर बसले पाहिजे. वकिलांनी माहिती अधिकार कायद्याखाली जिल्ह्याच्या शिकाऊ उमेदवारी कार्यालयाकडे अर्ज टाकून कोणत्या कारखान्यात आमच्या किती जागा रिकाम्या आहेत, हे विचारले पाहिजे. जयंतीच्या वर्गणीतून एक दिवसाचा डीजे कमी केला, तर वस्तीतल्या काही मुलांच्या प्रवासाचा, बुटांचा आणि कागदपत्रांचा खर्च सहज निघतो. ज्यांचे स्वतःचे उद्योग आहेत, दुकाने आहेत, त्यांनी येत्या उन्हाळ्यात वस्तीतला एक मुलगा आणि एक मुलगी मजुरी देऊन कामावर घ्यावी.

मुलगी असे आम्ही मुद्दाम म्हणतो. नाक्यावर दिसत नाही म्हणून तिची बेकारी नाही असे नव्हे. ती घरात भांडी घासते, धाकट्यांना सांभाळते आणि सतराव्या वर्षी तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. सहा आठवड्यांची स्वतःची कमाई तिच्या हातात आली, तर घरातल्या त्या बोलण्यांत तिचा आवाजही ऐकू येईल.

सहा आठवड्यांच्या कामाने जात जाणार नाही आणि गरिबीही जाणार नाही. न्यूयॉर्कचा अनुभव तेच सांगतो. पण त्याने काही मुले तुरुंगाबाहेर राहतात आणि काही जिवंत राहतात, हेही तोच अनुभव सांगतो. लढ्यासाठी माणूस आधी जिवंत आणि मोकळा असावा लागतो. पुढचा उन्हाळा यायला वेळ आहे. नोंदणीचे टेबल आणि माहिती अधिकाराचा अर्ज यांना मात्र उन्हाळ्याची वाट पाहायची गरज नाही. या रविवारी विहारात ते सुरू होऊ शकतात.